आधी जवळचे आवाज

४ जुलै

ताई,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्यात खाडाखोड झाली, दुसऱ्यात कारणं फार झाली. आता जेवढं घडलं तेवढंच लिहितो.

माझा नंबर तू अडवून ठेवला आहेस हे शिवणकाकूंकडून कळलं. त्या बिचाऱ्या शेजारी राहतात म्हणून मधे सापडल्या आहेत. तुझा फोन आला की भिंतीपलीकडून मला त्यांचं "हो गं, हो गं" ऐकू येतं, आणि मग दारात येऊन त्या मला आपणहून सांगतात, "कुणाचा फोन नव्हता हां." म्हणून कागद घेतला. तुझ्या हॉटेलच्या धुलाई विभागाचा पत्ता त्यांनीच दिला. मी तो दोनदा ताडून पाहिला.

तुझी टिटवी बरी आहे. जेवते. उंची वाढली आहे, कपाटाच्या वरच्या कडीला आता उडी न मारता हात पुरतो.

आता मुद्दा. तू जाताना माझ्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतलीस. "मी अकरा महिन्यांनी येईपर्यंत हिची शाळा सुटू देऊ नकोस. शाळा सुटली तर मला करार मोडून परत यावं लागेल, मग मी ना तिथली ना इथली." मी मान हलवली होती. त्याआधी आपल्यात जे बोलणं झालं त्याबद्दल मी आज लिहिणार नाही.

दुसरीचा वर्ग तळमजल्यावर आहे आणि विजेची घंटा नेमकी त्याच वर्गाच्या दारावर बसवलेली आहे. मी जाऊन पाहिली, ताटलीएवढी आहे. पहिल्या पंधरा दिवसांत टिटवी तीनदा वर्गातून पळाली. दोनदा जिन्याखाली सापडली. तिसऱ्यांदा फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, कानांवर हात दाबून उभी. मुख्याध्यापिकांनी मला कारखान्यातून बोलावून घेतलं. त्या चिडल्या नव्हत्या, त्यामुळे जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "सहामाहीपर्यंत बघू. पण पुन्हा एकदा जरी फाटकाबाहेर गेली तर यंदा नाव कमी करावं लागेल. उद्या काही झालं तर तुम्ही मलाच विचाराल ना?"

त्या रात्री काही सुचलं नाही. रविवारही तसाच गेला. मग सोमवार आला. सोमवारी कारखान्यात आम्हाला नवे बोळे मिळतात. इअरप्लग म्हणतात त्यांना, आम्ही बोळेच म्हणतो. नारिंगी, मऊ, चिमटीत वळून बारीक करायचे, कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि तीसपर्यंत आकडे मोजायचे, म्हणजे फुगून बसतात. तू पॅकिंगला होतीस तेव्हा तुम्हाला हे नव्हते. मशीनवरच्या सगळ्यांना असतात. खिळ्यांची बत्तीस मशीनं एका छपराखाली ठोकतात, ते तुला मी काय सांगू.

बोळे हातात घेतले आणि मला लाज वाटली की हे मला आधी कसं सुचलं नाही. घरी आणले. तिच्या कानाला मोठे होत होते, म्हणून ब्लेडनं उभे चिरून बारीक केले. तिला आधी माझ्या कानात घालून दाखवले. मग तिनं स्वतः घातले आणि तीसपर्यंत बोटं मोजली. मी पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. तिनं वळून पाहिलं आणि हसली. ताई, टाळीला ती हसली.

आज घंटा झाली तेव्हा ती बाकावर बसून राहिली, असं वर्गबाई म्हणाल्या. एवढंच कळवायचं होतं.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझा धाकटा


२९ जुलै

ताई,

उत्तर आलं नाही. पण शिवणकाकू काल म्हणाल्या, "तिला बोळ्यांचं कळलं बरं का, म्हणजे मला काय माहीत," यावरून पत्र पोचलं असावं.

पंचवीस दिवसांत टिटवी एकदाही पळाली नाही. वर्गबाईंनी वहीत लिहून दिलं आहे, "शांत बसते." ते पान मी जपून ठेवलं आहे.

आमचा मुकादम पहिल्या दिवसापासून एकच नियम घोकवून घेतो. पाळी सुरू झाली की बोळे आत, पाळी संपली की बाहेर. मधे पाच मिनिटं जरी काढलेत तरी दिवसभर घातलेच नाहीत असं समजा. तोच नियम मी घरी लावला. सकाळी उठली की घालायचे. अंघोळीपुरते काढायचे. कारण आवाज काय फक्त शाळेत असतात का? रस्त्यावर हॉर्न आहे, घरात भांडी आहेत, वर कुणीतरी सारखं कपाट सरकवत असतं. सगळीकडूनच वाचवायचं तर अर्धवट कशाला, असा विचार मी केला.

तिलाही आवडतं. आता तर ती झोपतानाही घालते.

घरात आम्ही बोलत नाही, खुणा करतो. कारखान्यातल्याच खुणा तिला शिकवल्या. उघडा पंजा म्हणजे थांब. बोट गोल फिरवलं म्हणजे तारेचं भेंडोळं संपलं. घरी त्याचा अर्थ पोट भरलं. तीन बोटं वर म्हणजे मशीन सुरू होतंय, हात काढा. घरी त्याचा अर्थ मी मिक्सर लावतोय. ती इतक्या पटकन शिकली की मुकादमाला दाखवावंसं वाटलं. आम्ही दोघं सबंध रविवार एक शब्द न बोलता काढला. भांड्यांखाली मी जुन्या चादरीचे तुकडे अंथरले आहेत. दाराच्या कडीला चिंधी बांधली आहे.

शिवणकाकू म्हणाल्या, "अरे, घर आहे की इस्पितळ? परवा मला वाटलं तुम्ही गावाला गेलात. मी दुधाची पिशवी परत पाठवत होते."

मी म्हणालो, "काकू, तिला बरं वाटतंय."

"तिला बरं वाटतंय, तुला काय होतंय? तुझ्या तोंडाला जाळं धरलंय."

तरी त्यांनी आपलं शिवणाचं मशीन मागच्या खोलीत हलवलं. मी सांगितलं नव्हतं.

आठवड्याला एकच जोडी मिळते. ती मी टिटवीला देतो, कारण तिची स्वच्छ हवी. मी कापूस घालतो. चालतं.

तुझा धाकटा


६ सप्टेंबर

ताई,

सगळं ठीक आहे.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ बसलो. पाळी करून आलं की हात जड होतात, म्हणून लिहायला उशीर झाला असं समज.

शाळा चालू आहे. ती पळत नाही. वर्गबाई मात्र म्हणाल्या की प्रश्न विचारला तर उत्तर देत नाही, नुसती हात वर करून बोटं फिरवते आणि मुलं हसतात. मी त्यांना खुणांचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हो, पण मला तिचा आवाज आठवत नाहीये."

आणखी एक. परवा अंघोळीनंतर तिच्या कानात बोळे नव्हते आणि माझ्या हातून चमचा ताटात पडला. चमचाच. ती किंचाळून मोरीत बसली आणि अर्धा तास बाहेर आली नाही. जूनमध्ये तिला चमच्याचं काही वाटत नव्हतं, हे मला नक्की आठवतं. तेव्हा घंटा होती, भोंगा होता, आणि दुसरं जे होतं ते तुला ठाऊक आहे. चमचा नव्हता. आता चमचा आहे, नळ आहे, पानं उलटण्याचा आवाज आहे.

मी बोळे दुहेरी करून पाहिले, म्हणजे वरून लोकरी टोपी. उन्हात टोपी पाहून मुलं आणखी हसली.

माझं काही चुकतंय का ते कळत नाही. मी नियम एकदाही मोडलेला नाही.

शिवणकाकूंना यातलं सांगितलेलं नाही. तूही विचारू नकोस.


२१ सप्टेंबर

ताई,

मागचं पत्र ठीक नव्हतं. आजचं लांब होईल.

वर्षातून एकदा कारखान्यात कान तपासायला एक बाई येतात. मागच्या अंगणात त्यांची गाडी उभी राहते, आत गादी लावलेली छोटी खोली असते. कानाला यंत्र लावायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. मी गेल्या वर्षी सगळी बटणं बरोबर दाबली होती. या वेळी उजवा कान झाला, डावा सुरू झाला, आणि मी आवाजाची वाट बघत बसलो. बराच वेळ वाट बघितली. मग त्या दार उघडून म्हणाल्या, "झालं. या बाहेर."

मी म्हणालो, "डावा राहिला ना?"

"डावा झाला," त्या म्हणाल्या. "बोळे घालता का?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या कानात दिवा घालून पाहिलं आणि चिमट्यानं कापसाचा धागा काढून माझ्यासमोर धरला. "हा काय बोळा आहे? कापसानं आवाज थांबत नाही, फक्त आपल्याला वाटतं थांबला. तुमचे बोळे कुठं जातात?"

खोटं बोलता आलं नाही. मी टिटवीचं सांगितलं. सांगताना मला जरा अभिमानही वाटत होता, म्हणून सगळंच सांगितलं. ब्लेडनं चिरल्याचं, नियमाचं, खुणांचं, चादरीच्या तुकड्यांचं. बाहेर रांगेतला एक जण दारावर थाप मारून म्हणाला, "काय लग्न ठरवताय का आत?" बाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"किती तास घालते?" त्यांनी विचारलं.

"अंघोळ सोडून सगळे."

"झोपेत?"

"झोपेतसुद्धा."

त्यांनी हातातला दिवा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही सिनेमा बघून दुपारी बाहेर पडलात की डोळ्यांचं काय होतं?"

"दिपतात."

"ऊन वाढलेलं असतं का?"

मी नाही म्हणालो.

"तिच्या कानांना तुम्ही तीन महिने त्या अंधारात बसवलंत. शांततेत कान आपलं काम सोडत नाहीत, उलट ताणून ताणून ऐकायला लागतात. मग चमचा पडला तरी घंटा वाटते. बोळे वाईट नाहीत. घंटेला घाला, मिरवणुकीला घाला, जिथं खरोखर आवाज आहे तिथं घाला. आणि तो गेला की काढा. आणि कापून कधीच घालू नका, तुकडा आत राहिला म्हणजे? लहान मुलांच्या मापाचे मिळतात."

मी म्हणालो, "पण मुकादम म्हणतो मधे काढायचे नाहीत."

"तो बत्तीस मशीनांबद्दल म्हणतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात किती मशीनं आहेत?"

 मी तिथं स्टुलावर बसून होतो आणि मला आपल्या घरातल्या त्या चिंध्या दिसत होत्या. कडीची चिंधी मी किती नीट बांधली होती.

त्यांनी सांगितलं की एकदम सगळे काढू नका, हळूहळू सोडवा, पाच मिनिटांपासून सुरू करा, आणि कशापासून सुरू करायचं ते तिला ठरवू द्या. महिन्यातून दोनदा त्या शहरातल्या दवाखान्यात बसतात, तिथं तिला घेऊन यायला सांगितलं आहे. माझ्यासाठी चिठ्ठी लिहिली. मी निघालो तर पाठीमागून म्हणाल्या, "आणि जरा हळू बोला. मी समोरच बसलेय."

मी म्हणालो, "मी हळूच बोलतोय."

त्या म्हणाल्या, "ज्याला स्वतःला कमी ऐकू येतं त्याला तसंच वाटतं. इथं जुने लोक सगळे मोठ्यानं बोलतात, तुम्ही बघितलं नाही?"

हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत आलो. अजून पूर्ण लिहवत नाही. मुद्द्याचं एवढंच की मी बिघडवलं आहे. सहामाहीला एक महिना आहे. ती बोळ्यांशिवाय पुन्हा पळाली तर शाळा जाईल, आणि बोळे ठेवले तर ती दिवसेंदिवस जास्तच आत आत जाईल. तू शाळा सांभाळायला सांगितलं होतंस. शाळा सांभाळण्याच्या नादात मी तिला सांभाळलं नाही.

तुला यायचं असेल तर ये. मी अडवणार नाही. अडवणारा मी कोण?

तुझा धाकटा


१२ ऑक्टोबर

ताई,

तू आली नाहीस आणि उत्तरही नाही. शिवणकाकू एवढंच म्हणाल्या, "ती ऐकतेय, तू लिही." म्हणून लिहितो.

चादरीचे तुकडे काढले. कडीची चिंधी टिटवीनं स्वतः सोडली, गाठ मी फार घट्ट मारली होती, तिला दात लावावे लागले. मुलांच्या मापाचे बोळे आणले, निळे आहेत. त्यांना एक छोटी डबी आहे, झाकणाची. डबी तिच्या खिशात असते. बाईंनी सांगितलं की हे महत्त्वाचं आहे. बोळे कानात नसले तरी खिशात आहेत हे तिला हाताला लागलं पाहिजे.

मी तिला म्हणालो की कुठले आवाज आधी ऐकायचे त्याची यादी कर. तिनं वहीचं पान फाडलं आणि भिंतीकडे तोंड करून लिहिलं. यादी अशी आहे:

१. मामाचा खोकला
२. चमचा
३. नळ
४. शिवणआजीचं मशीन
५. खालचा कुत्रा
६. चौकातला हॉर्न
७. शाळेची घंटा
८. आई

आठवा आकडा वाचून मी पान घडी करून खिशात घातलं. तुला हे लिहावं की नाही यावर पाच दिवस घातले. सोप्यापासून अवघडाकडे, असं मीच तिला सांगितलं होतं, निदान सांगितलं असं मला वाटतं. घंटेच्याही पुढे तू. मग ठरवलं की लपवून एकदा झालं आहे, आता पुरे.

पण हे वाचून तू रडायच्या आत दुसरी गोष्ट वाच.

बोळे थोडे थोडे काढायला लागल्याच्या चौथ्या दिवशीची गोष्ट. सकाळी मी तिला म्हणालो, "दूध गार होतंय, पिऊन टाक." नेहमीच्या आवाजात. ती दोन्ही हात कानांवर ठेवून भिंतीला टेकली.

"काय झालं?" मी विचारलं.

"मामा, ओरडू नकोस ना."

"मी कुठं ओरडतोय?"

"आत्ता पण ओरडतोयस."

तेवढ्यात पलीकडून शिवणकाकूंचा आवाज आला, "अरे, पोरीवर कशाला तापतोस सकाळी सकाळी?"

मी तापलो नव्हतो. मी दुधाबद्दल बोलत होतो.

ताई, मला त्या क्षणी तू दिसलीस. दारात, पिशवी खांद्याला, आणि मी तुला सुनावतो आहे. ते शब्द आज लिहितो, म्हणजे ते माझ्या अक्षरात राहतील आणि मला नाकारता येणार नाहीत. मी म्हणालो होतो, "तुझ्या ओरडण्यानंच पोरगी अशी झाली. तू गेलीस तर बरी होईल. आणि फोन करू नकोस, तुझा आवाज आला की तिचे दोन दिवस वाया जातात." तू म्हणालीस, "मी ओरडत नाही रे." मी हसलो होतो.

तू सहा वर्षं पॅकिंगला होतीस. बत्तीस मशीनांच्या आणि तुझ्या मधे एक पत्र्याचं दार. तेव्हा बोळे फक्त मशीनवाल्यांना होते, पॅकिंगच्या बायकांना कुणी दिले नाहीत, आणि त्या सगळ्या मोठ्यानं बोलतात म्हणून आम्ही जेवणाच्या सुट्टीत त्यांची नक्कल करायचो. मीही करायचो. तुझी करायचो, तू समोर असताना, आणि तूही हसायचीस. पोर कानांवर हात ठेवते म्हणून तुला काय वाटत असेल ते मला तीन महिन्यांच्या कापसात कळलं. तुला सहा वर्षं होती.

तू तिच्यावर कधी ओरडली नाहीस. तुला ऐकू येत नव्हतं. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, तुझ्याही नाही. आता कान तपासून घे. आणि तिथं कपडे पिळायची ती मोठी यंत्रं असतील, त्यांच्यापाशी बोळे घाल. तिथं मुकादमाचा नियम बरोबर आहे.

मी माफी मागतो आहे. कशी लिहायची ते माहीत नाही, नववीपर्यंत अर्ज शिकवले होते, हे नव्हतं शिकवलं. शुद्धलेखन तू शिकवलंस तेवढं आहे.

तुझा धाकटा


२ नोव्हेंबर

ताई,

सहामाही परवा संपली. क्रमानं सांगतो.

माझा खोकला तीन दिवसांत झाला, मला मुद्दाम खोकावं लागलं. चमचा एका आठवड्यात. सुरुवातीला चमचा तिनं स्वतः टाकायचा, मग मी सांगून टाकायचा, मग न सांगता. नळाला फार दिवस लागले, मशीनपेक्षाही जास्त. मला तेव्हाच खटकलं होतं की नळ तिला एवढा जड जातो तर तिनं तिसराच का ठेवला. शिवणकाकूंनी आपलं मशीन पुन्हा पुढच्या खोलीत आणलं, आणि टिटवी दारात बसून झालरीची शिवण ऐकत राहिली. काकू म्हणाल्या, "माझ्या उभ्या जन्मात माझं मशीन कुणी बसून ऐकलं नव्हतं. तिकीट लावू का?"

मधे तीन दिवस असे गेले की तिनं बोळे काढायलाच नकार दिला आणि मीही जोर केला नाही. मी दमलो होतो. ते दिवसही यात धर.

घंटेचं वर्गबाईंशी बोललो. त्यांनी शाळेच्या शिपायाला बोलावलं. शिपाई म्हणाला, "मी काय करू, घंटा हळू वाजवू? तिला दोनच गोष्टी येतात, वाजणं आणि न वाजणं." मग टिटवीनंच त्याला तीन बोटं वर करून दाखवली. त्याला कळेना. तिनं तोंडानं सांगितलं, वर्गात, सगळ्यांसमोर, "मशीन सुरू होतंय, हात काढा." वर्गबाई मला नंतर म्हणाल्या की मी तिचा आवाज विसरले होते, किती किनरा आहे.

तेव्हापासून शिपाई घंटेआधी खिडकीत येऊन तीन बोटं वर करतो. टिटवी डबी उघडते, बोळे घालते, तीस मोजते. घंटा होते. ती बोळे काढून डबीत ठेवते. वर्गातली आणखी दोन मुलं आता कानांवर हात ठेवतात, त्यांनाही आवाज लागत होता, पण ती पळणारी नव्हती म्हणून कुणाला कळलं नाही. गेल्या आठवड्यात दोनदा शिपाई खूण करायला विसरला. एकदा ती बाकाखाली गेली. दुसऱ्यांदा बसून राहिली आणि नंतर बाहेर जाऊन त्याला रागावली.

ती बोळ्यांशिवाय एकदाच बसली आहे. पण मुख्याध्यापिकांनी पटावर नाव कायम ठेवलं. त्यांनी मला बोलावून सांगितलं आणि मी हो हो म्हणालो, तर म्हणाल्या, "हळू बोला, बाजूला परीक्षा चालू आहे."

माझा डावा कान आहे तेवढाच राहील, असं कानाच्या बाई म्हणाल्या. बोळे आता माझे मी घालतो. फोन उजव्या कानाला धरतो.

काल तिनं सातव्या आकड्यावर अर्धीच खूण केली, म्हणाली अर्धी झाली आहे. मग पेन्सिल आठव्यावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, "आईला सगळ्यात शेवटी का ठेवलंस?" 

ती म्हणाली, "ती सगळ्यात लांब आहे ना. आधी जवळचे."

मी यादी पुन्हा वाचली. माझा खोकला तिच्या उशाशी. चमचा ताटाशी, नळ मोरीत. मशीन भिंतीपलीकडे, कुत्रा खाली, हॉर्न चौकात. शाळा. मग तू. पाच दिवस मी ते पान खिशात बाळगलं, आणि त्यात अवघड-सोपं काही नव्हतंच. नुसती वाट होती, घरापासून तुझ्यापर्यंत.

मी म्हणालो, "फोन लावू या का तिला?"

"एवढ्या लांबून ऐकू येईल?"

"तुझ्या आईचा आवाज? तो फोनशिवायही येईल."

ती हसली. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग आजपर्यंत का नाही आला?"

मी तिला खरं सांगितलं. मी नको म्हणालो होतो, असं सांगितलं. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि उघडा पंजा दाखवला. थांब, म्हणजे आता बोलू नकोस. मी बोललो नाही.

संध्याकाळी ती आपणहून जवळ येऊन बसली. रविवारी दुपारी चार वाजता तू शिवणकाकूंच्या फोनवर फोन करायचा, असं तिनंच ठरवलं आहे. फोन ती स्वतः धरणार आहे. मी तिला म्हणालो की आईला जरा हळू बोलायला सांगतो, तर ती नको म्हणाली. ते तसंच लिही, म्हणाली, म्हणून लिहितो.

डबी तिच्या खिशात असेल. फोन वाजायच्या आधी मी तीन बोटं वर करीन.

तुझा धाकटा